एक जूनला जन्मलेली चारशे पोरं

शाळेचं जनरल रजिस्टर खरं आहे असं मी मानलं आणि त्यातल्या जन्मतारखा बघून चारशे पोरांचे तीन गट पाडले. चूक एवढीच. पुढचं सगळं त्या चुकीनं आपणहून केलं, मला वेगळे कष्ट पडले नाहीत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट, दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात, बालवाडी ते सातवीची एक खाजगी शाळा होती. तिथं मी हंगामी शिक्षक होतो. हंगामी म्हणजे काय, तर दर उन्हाळ्यात नोकरी सुटायची आणि दर जूनमध्ये संस्थेच्या अध्यक्षांच्या नवी पेठेतल्या कापडदुकानात जाऊन, गिऱ्हाईक संपेपर्यंत बाकड्यावर बसून, ती परत मागून आणायची. असे तीन जून झाले. तिसऱ्या जूनला अध्यक्ष कापड मोजायच्या गजानं पाठ खाजवत म्हणाले, "औंदा तुमचं कायमचं बघू की. पण काहीतरी करून दाखवा. शाळेचं नाव झालं पाहिजे."

संस्थेचा नियम असा की कायम व्हायचं तर वय पंचविशीच्या आत पाहिजे. कागदावर मला चोवीस पूर्ण झाली होती. म्हणजे हेच वर्ष. ह्या वर्षी कायम झालो तर झालो, नाहीतर जेऊरला परत जाऊन भावाच्या रानात ज्वारी काढायची. भाऊ वाटच बघत होता. त्याचं म्हणणं असं की मी शिकलो तेव्हाच बिघडलो.

करून दाखवायचं ठरवल्यावर मी दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला गेलो. तिथं मुलांच्या चित्रपटांविषयी एक शिबिर होतं. पंधरा दिवस मुलांविषयी बोलणारे अठरा लोक त्या हॉलमध्ये होते आणि एकही मूल नव्हतं. एक गृहस्थ रोज सकाळी डोळे मिटून बोलायचे. एक बाई प्रत्येक चित्रपटानंतर चष्मा पुसायच्या, आणि त्यांनी चष्मा पुसला की बाकीच्यांना समजायचं की चित्रपट चांगला होता. मीही पुसला असता, पण मला चष्मा नव्हता. ही उणीव मला पंधरा दिवस छळत राहिली. अकरा परदेशी लघुपट बघितले. त्यांतले चार कळले, सातांचं कौतुक केलं.

तिथून मी 'भावविश्व' हा शब्द घेऊन आलो आणि सोलापुरात जिथं तिथं सांडत सुटलो. शिक्षकांच्या खोलीत, टांगेवाल्यापाशी, न्हाव्याच्या खुर्चीत. न्हावी म्हणाला, "ते राहू द्या, कल्ले ठेवायचे का काढायचे?" मला त्याची कीव आली. त्या दिवसांत मला सगळ्यांचीच कीव यायची. आता आठवलं की त्या दीडशहाण्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते, पण तो माझ्याच तोंडानं फिरत असल्यामुळे अडचण होते.

पुण्याच्या मंडळींनी परदेशी लघुपटांची एक पेटी गावोगाव फिरायला सोडली होती. ती सोलापुरात एका शनिवारी सकाळी उतरणार आणि संध्याकाळच्या गाडीनं गुलबर्ग्याकडे जाणार. खटपट करून ती मी आमच्या शाळेत आणवली. पेटीबरोबर एक पुस्तिका होती. चित्रपटांचे तीन गट: चार ते सहा वर्षं, सात ते दहा, अकरा ते चौदा. आणि खाली जाड अक्षरांत असं काहीतरी, की वयोगटाबाहेरचा चित्रपट दाखवल्यास मुलाच्या भावविश्वाला इजा पोहोचते. प्रयोगानंतर अहवाल पाठवायचा, तो समाधानकारक असेल तर पेटी दरमहा येणार.

अध्यक्षांना मी सांगून आलो. "आम्ही स्वतः येतो," ते म्हणाले, "नातवाला घेऊन. चांगलं झालं तर तुमची ऑर्डर तिथंच सही करतो." इतकं सोपं होतं सगळं. चारशे पोरांना पडद्यावर काहीतरी हलताना दाखवायचं आणि आयुष्यभराची नोकरी घ्यायची. एखादं माकडही हे करू शकलं असतं. माकडानं रजिस्टर मागितलं नसतं.

मी मागितलं. हेडसर अक्कलकोटकडचे. घरी कन्नड, शाळेत मराठी आणि रागावले तर दोन्ही. त्यांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढून दिलं आणि विचारलं, "कशाला हो?"

"वयोगट पाडायचेत."

"पोरं बघून पाडा की. पोरं वर्गात आहेत, ह्याच्यात काय आहे?"

"सर, हे शास्त्रीय काम आहे."

"मग करा बाबा," ते म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले.

रजिस्टर उघडलं तर सगळ्या शाळेचा जन्म एक जूनचा. पान उलटावं तर एक जून. ह्याचं मला नवल वाटलं नाही, कारण माझाही एक जूनचाच. आमच्याकडे पोर शाळेत न्यायचं तर तारीख कुणाला ठाऊक असते? गुरुजी पोराला डोक्यावरून हात न्यायला लावायचे. उजव्या हातानं डावा कान धरता आला की पोर सहा वर्षांचं. मग त्यांनी सहा वर्षं मागे जाऊन एक जून लिहायचा, झाला जन्म. हे मला माहीत होतं. तरी मी तर्क केला की दिवस खोटा असेल, पण वर्ष कसं खोटं असेल? तर्क करायची सवय मला त्या शिबिरात लागली.

एका घरची तीन भावंडं एकाच तारखेची, एकाच सालची निघाली. मी समासात लिहिलं, 'तिळे, विशेष लक्ष द्यावे.' हेडसरांनी वाकून वाचलं.

"तिळे नाहीत हो ती. तिघांना एकाच दिवशी शाळेत आणलं, म्हणून एकाच दिवशी जन्मली."

मला वाटलं विनोद करताहेत. ज्या माणसानं आयुष्यात एकही परदेशी लघुपट बघितला नाही, तो विनोद करणार नाहीतर काय करणार? मी उदारपणानं हसलो.

आमचा शिपाई कुंभारीचा. शाळा सुरू झाली त्या दिवसापासून घंटा त्याच्याच हातात. तो टेबलाशी उभा राहून बराच वेळ माझं काम बघत होता. शेवटी म्हणाला, "सर, येवडं लिवत बसण्यापरास समद्यास्नी कान धराय लावा की. न्हायतर उंचीनं बसवा. कवायतीला हुबी करतो तशी."

मी पेन खाली ठेवलं. "हे बघा मामा, चित्रपट उंचीनं बघत नाहीत. डोक्यानं बघतात."

"व्हय का," तो म्हणाला. "मला वाटलं डोळ्यानं."

शनिवार उजाडला. हॉलला सोळा खिडक्या, आणि अंधार करायला पडदे नाहीत. पण सोलापुरात चादरींना काय तोटा! पोरांनी घरून चादरी आणल्या, शिपाईमामानं त्या खिडक्यांवर ठोकल्या. अंधार झाला खरा, पण कोऱ्या चादरींच्या खळीचा वास आणि चारशे पोरांच्या घामाचा वास एकत्र होऊन जे काही तयार झालं, त्याची तरतूद पुस्तिकेत नव्हती. मी दारात उभा राहून रजिस्टरप्रमाणे चिठ्ठ्या वाटल्या. पहिल्या खेळाला पांढरी, दुसऱ्याला पिवळी, तिसऱ्याला हिरवी.

प्रोजेक्टर भाड्याचा. त्याच्याबरोबर एका टॉकीजमधला म्हातारा ऑपरेटर आला होता. चिठ्ठ्यांचा गोंधळ बघून तो म्हणाला, "माश्टरसाब, सबकू एकसाथ बिठाव ना. पिच्चरच है, दवा थोडीच है की उमर देखके देना?"

तोही अडाणी. एका आठवड्यात तीन शहाण्या माणसांनी मला तेच सांगितलं आणि मी तिघांनाही अडाणी ठरवलं. अशी सरासरी मी पुढं आयुष्यात पुन्हा गाठली नाही.

अध्यक्ष टांग्यातून उतरले. कडक इस्त्रीचं पांढरंशुभ्र धोतर, डोक्यावर काळी टोपी, बोटाला नातू. नातू गोलमटोल, गालावर तीट, तोंडात श्रीखंडाची गोळी. पुढच्या खुर्चीवर बसून त्यांनी त्याला मांडीवर घेतलं. मी यादी बघितली आणि जवळ गेलो.

"साहेब, बाळ दुसऱ्या गटात आहे. हा खेळ चार ते सहाचा."

"अहो, लहान आहे तो."

"रजिस्टरात सात पूर्ण आहेत साहेब."

इथं कुठल्याही माणसाला समजलं असतं. पोर पाच-साडेपाचचं होतं. त्याची तर पत्रिकासुद्धा होती, घटका-पळांसकट. पण शेजारच्या पोराआधी आपला नातू पहिलीत गेला पाहिजे म्हणून अध्यक्षांनीच त्याला वाढवून लिहायला लावलं होतं. अध्यक्षांनी हेडसरांकडे बघितलं. हेडसरांनी छताकडे बघितलं. छताला काही नव्हतं.

मी आवाज चढवून, पोरांबरोबर येऊन मागं उभ्या राहिलेल्या पालकांनाही ऐकू जाईल असं विचारलं, "साहेब, म्हणजे रजिस्टर चुकीचं आहे का?"

"नाही नाही," अध्यक्ष घाईनं म्हणाले, "रजिस्टर बरोबरच आहे." आणि नातवाला घेऊन व्हरांड्यात जाऊन बसले. तत्त्वासाठी प्रत्यक्ष अध्यक्षांना उठवलं म्हणून माझी छाती फुगली. पुण्याच्या त्या डोळे मिटणाऱ्या गृहस्थांनी हे बघायला हवं होतं असं वाटलं.

पहिला चित्रपट कुठल्याशा थंड देशातला होता. मातीची एक गोगलगाय. तिची टोपी हरवते. ती टोपी शोधते. बारा मिनिटं शोधते. गोगलगायच ती, किती भरभर शोधणार? मागं टिंगटिंग असं वाद्य. चार ते सहाच्या ह्या गटात दहा-दहा वर्षांचे बाप्ये बसले होते, कारण ते त्याच जूनमध्ये पहिलीत आले होते. त्यांतला एक तोवर कुंभारीच्या माळावर शेरडं राखत होता. रजिस्टरात तो सहा वर्षांचा होता आणि त्याच्या हातात अजूनही काठी होती.

पुस्तिकेत लिहिलं होतं की चित्रपटानंतर मुलांशी संवाद साधावा. मी साधला. गुडघ्यावर बसलो, आवाज मऊ केला आणि विचारलं, "गोगलगाय उदास का झाली बरं?"

शेरडंवाला म्हणाला, "पाऊस न्हाय म्हनून."

"नाही बाळा, तिची टोपी हरवली."

"गोगलगायीला टोपी कशाला?"

"प्रत्येकाचं काहीतरी हरवतं ना? तुझं काही हरवलं होतं का कधी?"

"शेरडी हरवली हुती. मंग बानं लई हानलं. हिचा बा कुटं दिसला न्हाय."

अहवालासाठी मी वहीत लिहिलं, 'मुलांनी पालकत्वाच्या अभावाकडे मार्मिकपणे लक्ष वेधले.' ह्या वाक्याची लाज मला आजही पुरून उरते.

दुसरा खेळ सात ते दहाचा. प्रत्यक्षात त्यात एक मिसरूड फुटलेला होता आणि लग्न ठरलेली एक मुलगी होती. आणि नातू होता. ह्या वेळी मांडीवर, अध्यक्षांच्या हक्काच्या खुर्चीत. चित्रपटात एक मुलगा बर्फातून एकटा चालत आजारी आईसाठी औषध आणायला जातो. पडद्यावर सगळीकडे पांढरं, वरून पांढरं भुरभुरतंय. हॉलमध्ये एकदम ओळख पटल्यासारखा कल्ला झाला.

"कापूस! कापूस!"

"पत्ती! पत्ती!" विणकरांची पोरं त्यांच्या तेलुगूत तेच ओरडली.

"गिरणी हाय बे ती," मिसरूडवाल्यानं सगळ्यांना समजावलं. "कार्डिंग खातं, कापूस पिंजायचं. माझा बाप तितंच हाय."

पुढच्या रांगेतली एक पोरगी खरोखरच खोकायला लागली. दुसरी म्हणाली, "तोंडाला फडकं का बांदलं न्हाय त्यानं? छातीत जातंय की."

मी अंधारात ओरडलो, "बर्फ आहे तो! बर्फ!"

मग मागून आवाज, "मंग खात का न्हाय?"

बरोबर होतं. आमच्याकडे बर्फ म्हणजे गोळा, लाल रंग घालून चोखायचा. इतका फुकट पडलेला असताना एक पोरगं त्यातून नुसतं चालत जातंय, हे कुणाला पटणार? पुण्यात ह्याच चित्रपटाला त्या बाईंनी दोनदा चष्मा पुसला होता.

मग लांडगा आला. खरं म्हणजे लांडगा दाखवलाच नव्हता. पांढऱ्यावर नुसती सावली, दोन डोळे आणि एक लांबलचक आरोळी. लग्न ठरलेली मुलगी जांभई देत म्हणाली, "कुत्रं हाय ते." मिसरूडवाला हसला. नातू मात्र खरोखरच साडेपाच वर्षांचा होता. रजिस्टरात सात लिहिल्यानं काळीज सातचं होत नाही. तो अशी किंकाळी मारून आजोबांच्या गळ्याला बिलगला की प्रोजेक्टरचा आवाज ऐकू येईना. आणि त्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर जे व्हायचं ते झालं.

अध्यक्ष ताडकन उभे राहिले. थेट प्रोजेक्टरच्या झोतात. पडद्यावरच्या बर्फावर त्यांची भलीमोठी काळी सावली पडली, बगलेत हातपाय झाडणारं पोर आणि खालून ठिबकणारं धोतर. पोरांना वाटलं, लांडगा शेवटी पोर घेऊनच चालला. हॉल टाळ्यांनी दणाणून गेला. त्या दिवसातल्या टाळ्या एवढ्याच.

तिसऱ्या खेळाला अध्यक्ष नव्हते. तो अकरा ते चौदाचा, एक म्हातारा खिडकीत बसून समुद्राकडे बघतो असा. पहाटेपासून मागासाठी कांड्या भरून आलेली पोरं त्या अंधारात गाढ झोपली. पुण्यात आम्ही ह्या म्हाताऱ्यावर दीड तास चर्चा केली होती. सोलापुरात त्याचा काही उपयोग झाला तो हा, की शंभर पोरांना एक तास झोप मिळाली.

आता एखादा गप्प बसला असता. धोतर वाळलं असतं, राग उतरला असता, आणि हेडसरांनी हळूच ऑर्डर पुढं सरकवली असती. ते तसं म्हणालेही, "आठ दिवस तोंड बंद ठेवा. मी बघतो." पण मला अपमान झाल्यासारखं वाटत होतं. माझा नव्हे, शास्त्राचा. मी अहवाल लिहिला. त्यात म्हटलं की प्रयोग फसला त्याला मी जबाबदार नाही, चित्रपट तर मुळीच नाहीत. ह्या शाळेच्या रजिस्टरातल्या यच्चयावत जन्मतारखा काल्पनिक आहेत आणि एक जून ह्या तारखेला जन्म दाखवलेल्या कोणत्याही व्यक्तीच्या वयावर विश्वास ठेवता येणार नाही.

हेडसरांनी वाचला. सुपारी खाली ठेवली. "यप्पा," ते म्हणाले, "हे पाठवू नका."

"सत्य आहे सर."

"म्हणूनच म्हणतो की."

मी पाठवला. कार्बनची प्रत अध्यक्षांना, रजिस्टर पोस्टानं.

चौथ्या दिवशी संस्थेचं पत्र आलं. शिक्षक महाशयांनी निदर्शनास आणलेली बाब गंभीर आहे. सबब, ज्यांची जन्मतारीख एक जून आहे, अशा हंगामी शिक्षकांनी कायम होण्यापूर्वी आपल्या वयाचा अन्य स्वतंत्र पुरावा सादर करावा. हंगामी शिक्षक शाळेत एकच होता. त्याची जन्मतारीख तुम्हाला सांगितलीच आहे.

पुराव्यासाठी मी जेऊरला गेलो. आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती.

"आई, मी जन्मलो कधी?"

"ज्वारीची काढणी चालली हुती. मी पेंढ्या बांदत हुते."

म्हणजे जून गेला. "आणि साल?"

"साल कुणाला म्हाईत? पाटलाच्या हिरीला पानी लागलं, त्याच हप्त्यात तू झालास. समदी गावजेवनाला गेली, मी हितं वरडत पडले."

विहिरीच्या थारोळ्यावर, म्हणजे मोटेचं पाणी पडतं त्या कुंडीवर, पाटलानं दगडात साल कोरून ठेवलं होतं. मी ते तीनदा वाचलं. तिन्ही वेळा मी सत्तावीस वर्षांचा निघालो. गुरुजींनी कान धरायला लावला तेव्हा मी नऊ वर्षांचं घोडं होतो. कान तर धरला असणारच, दोन्ही धरले असतील. त्या बिचाऱ्यांनी माझी तीन वर्षं पुसून मला माणसात आणलं होतं, आणि मी सगळ्या मुलखाच्या एक जूनवर बोट ठेवून आलो होतो. माझ्याकडे आता पुरावा होता, दगडात कोरलेला, आणि तो दाखवला तर मी दोन वर्षांपूर्वीच बाद झालो होतो.

आईला सगळं सांगितलं. ती लसणाची टरफलं फुंकत म्हणाली, "मंग? तो दगड फोडू का काय?"

भाऊ दारात उभा होता. त्यानं विळा काढून पायरीवर घासायला घेतला.

सोलापुरात परतलो तो थेट हेडसरांच्या घरी. ते वाळवणावर बसलेले कावळे हाकलत होते. मी विहिरीसकट सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "ते रजिस्टर लिहिलंय कुणी, माहीत आहे का? मी. वीस वर्षं. पोर उशिरा आलं की लहान करायचं, म्हणजे पुढं नोकरीला वय उरतं. बापाला घाई असली की मोठं करायचं. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून साल लिहिलंय. तुमच्या गुरुजींनीपण तेच केलं. आणि तुम्ही काय, त्याच्यावरून पिच्चरची तिकिटं फाडली."

मी उठून उरलेले कावळे हाकलायला लागलो.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन नवी पेठेत गेले. मी बाकड्यावर, ते गादीवर. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलंच नाही. हेडसर अगदी साधेपणानं म्हणाले, "पुण्याची माणसं उलट विचारतील, कुठली तारीख खोटी? मग मला एकेक दाखवावी लागेल. अनुक्रमानं. मानाप्रमाणं पहिला आपला नातू."

अध्यक्षांचा गज हवेत थांबला. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्यांना सांगा, रजिस्टर खरं आहे म्हणून लिहून द्या. सगळं. एकूण एक."

"आणि ऑर्डर?"

"रजिस्टर खरं तर ह्यांचं वयपण खरंच की," अध्यक्ष म्हणाले आणि थुंकायला उठले.

ते पत्र मी हेडसरांच्या टेबलावर बसून लिहिलं. ते सांगत होते, मी लिहीत होतो. सदर शाळेचे जनरल रजिस्टर पूर्णतः विश्वसनीय असून, प्रयोग फसण्याचे कारण माझे स्वतःचे आकलन तोकडे हे होय. 'तोकडे'च्या आधी त्यांनी 'अत्यंत' घालायला लावलं. म्हणाले, "पुण्याला जायचंय, जरा वजन पाहिजे." पुण्याच्या मंडळींना ते पटलं असावं, कारण पेटी पुन्हा आली नाही. पोरं मात्र पुढं कितीतरी महिने मधल्या सुट्टीत 'लांडगा' खेळत होती. एकानं धोतर म्हणून चादर गुंडाळायची, दुसऱ्याला बगलेत मारायचं आणि ठिबकत ठिबकत पळायचं. वयोगटाची अट नव्हती.

मला ऑर्डर मिळाली. एक जूनपासून कायम.

त्या दिवशी शिपाईमामाला पेढा दिला. त्यानं पेढा तोंडात टाकला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "सर, येवडं वयाचं रामायन झालं, पर तुमी कान धरून दावलाच न्हाय. धरा बगू."

मी खुशीत होतो. उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान धरला.

"बिगीबिगी पोचला की," तो बोटं चाटत म्हणाला. "पोचंलच. मदी डोस्कं कुटं हाय?"